जांभळाचा मध की सूर्यफुलाचा?

मागच्या महिन्यात खानापूरला गेल्तो, येताना मधाच्या दोन बाटल्या आणलो, एक सूर्यफुलाचा आणि एक जांभळाचा. दोन्ही कच्चे, म्हणजे तापवलेले नाहीत, नुसते गाळलेले. सूर्यफुलाचा फिका पिवळा, चवीला सौम्य, आणि थंडीत पंधरा दिवसात तुपासारखा थिजला की! आई म्हणाली साखर मिसळलीय बघ, फसवलं तुला. अगं तसं नस्तंय, ग्लुकोज जास्त असला की मध लवकर गोठतोच, बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ.

जांभळाचा मात्र काळपट, बोट बुडवून चाटलो तर आधी गोड आणि मग घशाशी तुरट-कडू, तोंड वाकडंच झालं खरं. पण ज्वारीची गरम भाकरी, त्यावर लोणी आणि वर हा मध, आहाहा, तिथं सौम्य मध चालतच नाही, भाकरीच्या चवीत हरवून जातो. लिंबूपाण्याला, पोरांच्या चपातीला सूर्यफुलाचा बरा (वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध द्यायचा नाही हां). पहिल्यांदा घेताय तर जांभळाची छोटी बाटलीच घ्या, मी अर्धा किलो घेतलो आणि आता घरात एकटाच खातोय.