तोच घाट, दोन गाड्या

पहिल्या संध्याकाळी समोरून येणारे ड्रायव्हर एकामागून एक डिपर मारत होते. आमचे दिवे तर लो बीमवरच होते. दोनदा बटण तपासलं. शेवटी गाडी कडेला घेऊन खाली उतरलो, दहा पावलं बाजूला जाऊन पाहिलं आणि उलगडा झाला. गाडीचं बूड बसलं होतं, तोंड वर आलं होतं, आणि साधे दिवेसुद्धा समोरच्याच्या थेट डोळ्यांत जात होते. मागे ओढत असलेला राहायचा ट्रेलर जिथे हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर टेकतो तिथे सगळी जोडी मधोमध वाकली होती.

ट्रेलर घेताना विक्रेत्याने दोनच आकडे दाखवले होते. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता २२७० किलो, ट्रेलरचं रिकामं वजन १६०० किलो. म्हणजे ६७० किलोची सवड. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. बायको, दोन मुलं, चार दिवसांचा मुक्काम, जाऊन-येऊन ६२० किलोमीटर, वाटेत २४०० मीटर उंचीची खिंड आणि पलीकडे तळ्याकाठचा तळ, असा बेत होता. हाच रस्ता आम्ही पुढे दुसऱ्या गाडीने पुन्हा केला, म्हणून दोन्ही खेपा एकत्र लिहितोय. नवीन ट्रेलर घेणाऱ्यांनी पहिली खेप नीट वाचावी.

त्या रात्री मी एक चूक केली आणि ती फार जण करतात. ट्रेलरचं नाक जड आहे ना, मग वजन मागे सरकवू, असा विचार केला. ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातलं हत्यारांचं खोकं, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन असं साधारण ७० किलो सामान अगदी मागच्या टोकाला नेऊन ठेवलं. सकाळी गाडी बऱ्यापैकी सपाट दिसत होती. समाधान वाटलं.

खिंड चढताना काही जाणवलं नाही. इंजिन मात्र धापा टाकत होतं. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, त्यामुळे २४०० मीटरवर जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. तरी चढ जमला. गोष्ट घडली ती उतारावर. वेग ९५ होता. डावीकडे दरी, वळण सरळ होत आलेलं, आणि एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. आधी त्याच्या हवेने ट्रेलरला बाहेर ढकललं, मग आत ओढलं. आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा एकदा इकडून दिसला, एकदा तिकडून. तिसऱ्या हेलकाव्याला गाडीचं बूडही त्याच्याबरोबर सरकायला लागलं. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, काय होतंय?" मला उत्तर द्यायला सवड नव्हती.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरा. नुसत्या गाडीचे ब्रेक जोरात लागले की मागचा ट्रेलर तिला आणखी ढकलतो आणि जोडी कात्रीसारखी मिटते. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून हेलकावे मारायचा प्रयत्नही करू नका, आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि झोल वाढतो. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची, हाताची कळ दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. मी ती कळ दाबली, कारण निघण्यापूर्वी मोकळ्या मैदानात ती दोन-चार वेळा दाबून पाहिली होती. ही कळ न बघता हाताला सापडली पाहिजे. चालवणारे जेवढे असतील तेवढ्या सगळ्यांना.

उतार संपल्यावर एक वजनकाटा दिसला, तिथे थांबलो. काट्यावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आधी आहे तसं वजन करा. मग सामान जागेवर ठेवा, आणि जोडून, सोडून, दोन्ही तऱ्हेने पुन्हा करा." दीड तास गेला. त्या दीड तासात मला जे कळलं ते विकत घेण्याआधी कळायला हवं होतं.

भरलेल्या ट्रेलरचं वजन निघालं १९४० किलो. रिकाम्या वजनात पाणी, सामान यातलं काही धरलेलं नसतं, आणि गॅसच्या टाक्या व बॅटरीसुद्धा पुष्कळदा वगळलेल्या असतात. तीन-साडेतीनशे किलोंची भर सहज पडते. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या पाटीवर छापलेल्या कमाल भरलेल्या वजनाने करावा. आमच्या पाटीवर २००० होतं. माहितीपत्रकातलं रिकामं वजन या कामाला निरुपयोगी आहे असं मी सरळ म्हणेन.

आता नाकावरचं वजन, म्हणजे ट्रेलरचं तोंड बॉलवर जेवढं दाबतं ते. सामान मूळ जागी असताना ते २५० किलो होतं, ट्रेलरच्या वजनाच्या १३ टक्के. माझ्या रात्रीच्या उद्योगानंतर ते १५० वर आलं होतं. ७० किलो हलवून १०० किलो कमी कसे झाले? ट्रेलर ही चाकांवर टेकलेली तरफ आहे. सामान पुढून मागे सहा मीटर गेलं आणि चाकापासून बॉलपर्यंतचं अंतर चार मीटरच्या आसपास, म्हणून परिणाम दीडपटीच्या जवळ गेला. बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, मागे जास्त भरलं की गाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं. आमचं जू उचललं गेलं होतं, फक्त ते नजरेला दिसत नव्हतं. या बांधणीच्या अमेरिकी ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के नाकावर असावं लागतं. आम्ही पावणेआठवर होतो. शिवाय जड वस्तू मागच्या टोकाला असली की हेलकावा एकदा सुरू झाल्यावर थांबायला जास्त वेळ घेतो. (युरोपातल्या हलक्या कारवॅनची बांधणी वेगळी असते, ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के सांगतात. आपल्या ट्रेलरच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेच धरावं.)

मग सामान परत पुढे घ्यायचं, एवढंच ना? तिथेच खरी अडचण निघाली. आमच्या एसयूव्हीच्या हिचवर कमाल २२७ किलो चालतात असं हिचवरच्याच पाटीवर कोरलेलं होतं. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे गाडीने अंगावर घ्यायचा कमाल भार, होता ५९० किलो. माणसं, सामान आणि ट्रेलरच्या नाकाचा भार, सगळं यातच बसवायचं. आम्ही चौघं २७०, डिकीतलं सामान ९०, हिचचं लोखंड ३५, नाक २५०. बेरीज ६४५. ओढण्याच्या क्षमतेत ३३० किलो शिल्लक दिसत असताना पेलोड ५५ किलोंनी ओलांडला होता. कुटुंब घेऊन जाणाऱ्याचा पेलोड जवळजवळ नेहमीच आधी संपतो. यासाठीच हा वृत्तांत लिहायला बसलो.

ओढण्याचा आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे ते माहीत हवं. अमेरिकेत बहुतेक कंपन्या तो एसएई जे२८०७ या ठरावीक चाचणीपद्धतीने ठरवतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ एसी चालू ठेवून ठरावीक वेगाने चढता येतो का, ब्रेक आणि वळणं सांभाळता येतात का, असं त्यात तपासतात. पण गाडीत धरलेली असतात फक्त दोन माणसं, प्रत्येकी ६८ किलोंची. मागच्या सीटवरची मुलं आणि डिकीतला तंबू त्या चाचणीत नसतात.

काट्यावर आणखी एक गोष्ट दिसली. नुसत्या गाडीच्या पुढच्या चाकांवर १२९० किलो होते, ट्रेलर टेकवल्यावर ११८० राहिले. वळवणाऱ्या आणि सर्वांत जास्त ब्रेक मारणाऱ्या चाकांवरून ११० किलो उचलले गेले होते. स्टिअरिंग हलकं का लागत होतं ते कळलं. नाकाचा भार पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवरही वाटून देणारी हिच आमच्याकडे होती, पण तिच्या स्प्रिंग बारच्या साखळ्या मी एक-दोन कड्या सैल लावल्या होत्या. नीट ताणल्यावर पुढे १२४५ आले, मागच्या चाकांवरचे १५९५ उतरून १४८५ झाले. छान सुधारणा. तरीही मागच्या ॲक्सलची मर्यादा होती १४३०. बार वजन वाटून देतात, गाडीची कुवत वाढवत नाहीत.

परत कसे आलो? पाण्याची टाकी पूर्ण रिकामी केली, जड वस्तू चाकांच्या बरोबर वर जमिनीलगत रचल्या, डिकीतलं बरंचसं सामान तिथेच ठेवून नंतर आणायची सोय केली, आणि वेग ८० च्या वर नेला नाही. पुन्हा हेलकावा आला नाही. पण त्या गाडीला तो ट्रेलर पुन्हा लावला नाही.

दुसऱ्या खेपेला आलो तो पिकअप घेऊन. निवडताना ओढण्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहिला. आधी ट्रेलरचं कमाल वजन २००० घेतलं, त्याचे १३ टक्के म्हणजे २६० नाकावर धरले, त्यात माणसं, हिच आणि सामान मिळवलं, आणि तेवढा पेलोड असलेली गाडी शोधली. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत पेलोड शंभर-दीडशे किलोंनी वेगळा असू शकतो. सनरूफ, मोठी चाकं, चारही चाकांची ओढ, सगळं त्यातूनच वजा होतं. त्यामुळे जी गाडी घेणार आहात तिच्याच दाराचं स्टिकर वाचा. आमच्या पिकअपवर ७६० आहे. प्रत्यक्ष भार ६९० झाला.

फरक पहिल्याच तासात कळला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एसयूव्हीचं २.८७ मीटर होतं, हिचं ३.६८. ट्रेलर बाजूने ढकलतो तेव्हा लांब गाडी सहज वळत नाही. त्याच उतारावर तसाच ट्रक शेजारून गेला. बायकोने दाराची मूठ धरली. ट्रेलर एकदा हलला आणि जागेवर आला. तिने मूठ सोडली ती बऱ्याच वेळाने. टर्बो इंजिनमुळे खिंडीतही दम टिकला. पेट्रोल मात्र दोन्ही गाड्यांनी एकट्याच्या जवळजवळ दुप्पट खाल्लं, कारण ट्रेलरची सपाट भिंत हवा कापत नाही, ती हवेला ढकलत जाते. ताशी ८० आणि १०० यांत खर्चाचा फरक वजनापेक्षा या भिंतीमुळे पडतो. एका टाकीत जाणारं अंतर निम्मं धरूनच पंप ठरवा.

उताराला गिअर खालचा ठेवा, ज्या गिअरने चढलात साधारण तोच. ब्रेक सतत टेकवून ठेवले की तापून ढिले पडतात. दाबायचे तेव्हा ठाम दाबा आणि सोडा.

टायरबद्दल आग्रहाने सांगतो. ट्रेलरचे टायर वेगळ्या वर्गाचे असतात, त्यातल्या पुष्कळांची वेगमर्यादा १०५ किलोमीटर असते. हवा थंड टायरमध्ये आणि पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत पूर्ण भरावी. हवा कमी असली तर टायर आतून तापतो आणि फुटतो. चाकांचे नट पहिल्या ८० ते १५० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. आमचे दोन नट पाव फेरी सैल सापडले होते.

निघताना सुरक्षा साखळ्या कपलरखाली (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) एकमेकींवर फुलीसारख्या लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर टेकतं. जोडणी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक लावणारी तार मात्र साखळ्यांना अडकवू नका, ती गाडीला वेगळी बांधा. आणि तळावर पोचल्यावर आधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडवणारे ठोकळे लावा, मगच कपलर उघडा. तळ्याकाठी आमच्या शेजारच्यांनी उलट केलं. ट्रेलर हातभर सरकला आणि जॅक वाकला. जवळ कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं.