आगोंदला जाऊन आले

२६ सप्टेंबर, रात्री, पिलार (गोवा)

आज संस्थेचा स्थापना दिन. १८८७ साली याच तारखेला फादर बेंतो मार्तिन्स यांनी गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणातल्या आगोंद गावी, संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने मिशनरी धर्मगुरूंची संस्था सुरू केली. आपण तिला पिलारची संस्था म्हणतो. माझा धाकटा भाऊ या संस्थेत धर्मगुरू. संस्थेने यंदा घरच्या मंडळींनाही आगोंदच्या यात्रेला बोलावलं आणि मी वसईहून आले. पिलारला अनेकदा येणं झालं, आगोंदला मात्र आज प्रथमच गेले. इतकी वर्षं का गेले नाही, याचं उत्तर सोपं आहे : पिलारला फादर आग्नेल आहेत.

पिलारला येणारा माणूस त्यांच्या कबरीपाशीच येतो. आजारी मुलाला घेऊन येतो, परीक्षेआधी येतो, नवस फेडायला येतो. वांद्र्याला आणि वाशीला त्यांच्या नावाची शाळा-कॉलेजं आहेत, तिथे शिकलेल्या कितीतरी मुलांना संस्था म्हणजे फादर आग्नेल एवढंच ठाऊक असतं. मलाही तसंच वाटायचं. पण हिशेब मांडला तर १८८७ साली आग्नेल हा हणजुण्याचा अठरा वर्षांचा मुलगा होता. तो संस्थेत आला १८९७ साली, स्थापनेनंतर दहा वर्षांनी. ज्यांनी आगोंदला सुरुवात केली त्यांच्यापुढे दाखवायला कुणी संत नव्हता, कबर नव्हती, कॉलेज तर नव्हतंच.

पहाटे अंधारातच बस निघाली. जुवारीवरचा पूल ओलांडला तेव्हा कुठे उजाडत होतं. मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमळ घाट. घाटात पाऊस लागला. सप्टेंबर सरत आला तरी जंगल नुसतं निथळत होतं, आणि बसच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. पुढच्या बाकावर ब्रदर लोकांनी जपमाळ धरली, एक रहस्य कोकणीत, एक मराठीत, एक इंग्रजीत. मी खिडकी पुसून बाहेर बघत होते आणि मनात येत होतं, त्या काळी पिलारहून इथवर यायचं म्हणजे किती दिवसांचं काम असेल. मध्ये नदी, मध्ये घाट.

आगोंदच का, हा प्रश्न मी भावाला बसमध्येच विचारला. इतर लोक असताना मी त्याला फादरच म्हणते. तो म्हणाला, "ताई, नकाशा बघ. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. तिथे सोळाव्या शतकापासून चर्चेस आहेत. काणकोण पोर्तुगीजांकडे आलं ते अठराव्या शतकात. हा नव्या काबिजादींचा मुलूख. मिशनरी व्हायचं तर घरापासून लांब जायला नको?" मग तो १८३५ बद्दल बोलू लागला आणि घाट संपेपर्यंत थांबला नाही. त्याचं बोलणं मला इथे नीट उतरवून ठेवायचं आहे, कारण त्याशिवाय आगोंदचा अर्थ लागत नाही.

पोर्तुगालमधल्या सरकारने १८३४ साली धार्मिक संघ बंद केले आणि पुढच्या वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, सगळ्यांचे मठ रिकामे झाले. आज आम्ही जिथे उतरलो आहोत तो पिलारचा मठही १६१३ साली फ्रान्सिस्कनांनी बांधलेला, तोही तेव्हाच ओस पडला. संत जोसेफ वाझ यांनी ज्याला आकार दिला तो गोव्याच्या धर्मगुरूंचा ओरेटोरियन संघसुद्धा त्याच तडाख्यात संपला. तो तर इथल्याच मातीतला होता! परदेशी मिशनऱ्यांची वाट न पाहता गोव्याचे धर्मगुरू परमुलखात जाऊन काम करू शकतात, हे जोसेफ वाझ यांनी श्रीलंकेत दाखवून दिलं होतं. त्या सगळ्याचा सांगाडाही शिल्लक राहिला नाही. त्यानंतर पन्नासेक वर्षं गोव्यात एकत्र राहून, एकत्र प्रार्थना करून मिशनकार्य करणारं गोवेकर धर्मगुरूंचं घर नव्हतं. बेंतो मार्तिन्स यांनी आगोंदला उघडलं ते घर.

मला हे धाडसाचं काम वाटतं. संघ बंद झाल्याचं दुःख जुन्या माणसांना तेव्हा अजून आठवत असणार.

आगोंदचं चर्च सांत आनाचं, म्हणजे येशूच्या आजीचं. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या झोपड्या पावसाळ्यात मोडून ठेवतात, त्या अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. बांबूंचे ढीग निळ्या ताडपत्रीखाली पडून होते आणि लांबच लांब किनारा मोकळा होता. थंडीच्या दिवसांत याच वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात, असं वाटेत कुणीतरी सांगितलं. पण किनारा बघायला मिस्सानंतरच, म्हणजे चर्चमधली उपासना झाल्यावरच गेलो.

मिस्साच्या वेळी दिवंगत सभासदांची नावं वाचायचं काम एका वयोवृद्ध फादरांकडे होतं. त्यांची उमेदीची वर्षं अंदमान-निकोबारमध्ये गेली. (पोर्ट ब्लेअर धर्मप्रांत १९८४ साली स्थापन झाला, त्याचे पहिले बिशप अ‍ॅलेक्स डायस याच संस्थेचे. अंदमानातल्या कामाचं नाव निघालं की भाऊ ही गोष्ट अभिमानाने सांगतो.) त्यांना उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून वेदीच्या बाजूला खुर्ची ठेवली होती. हातात जाड पुठ्ठ्याची वही, दुसऱ्या हातात भिंग. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं, ते नख एकेका ओळीखाली सरकवत ते वाचत होते. पहिलं नाव बेंतो मार्तिन्स. त्यानंतर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा तेच नाव वाचलं. मला वाटलं ओळ चुकली. शेजारी बसलेला भाऊ कानात म्हणाला, "ते दरवर्षी दोनदाच वाचतात."

फादर आग्नेलांचं नाव आलं तेव्हा ते एकदाच वाचलं गेलं, बाकीच्यांसारखं. कुणाला यात कमीपणा वाटेल, मला नाही वाटला. आग्नेलांना चर्चने १९८६ साली 'वंदनीय' (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) ठरवलं आहे, त्यांच्यासाठी आम्ही रोजच प्रार्थना करतो. बेंतो मार्तिन्स यांच्यासाठी कोण करतं? संस्थेबाहेर त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? माझ्या स्वतःच्या घरात, जिथला एक मुलगा या संस्थेला दिला आहे, तिथे देवघरात आग्नेलांची तसबीर आहे आणि संस्थापकाबद्दल कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही.

प्रवचनात १९३९ चा उल्लेख झाला. संस्था १८९० साली आगोंदहून पिलारच्या रिकाम्या मठात आली, तिथे तिने चांगले दिवस पाहिले, आणि मग माणसं कमी होत गेली. आग्नेल १९२७ साली राशोलच्या सेमिनरीत वारले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तर संस्था राहते की जाते अशी अवस्था. राखेखाली निखारा होता इतकंच. १९३९ साली आग्नेलांचे अवशेष राशोलहून पिलारला आणले आणि त्याच वर्षी मूठभर धर्मगुरूंनी संस्थेची पुन्हा घडी बसवली. आज आपण जी शाळा, आश्रम, मिशन केंद्रं बघतो ती सारी या दुसऱ्या सुरुवातीनंतरची.

म्हणजे बेंतो मार्तिन्स यांनी लावलेलं फळाला आलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत नव्हे. मी इतकी वर्षं मुलांना वाढवताना, पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना, दरवर्षी निकाल मागत आले. किती मुलं आली, किती टिकली, दृढीकरणानंतर किती जणांनी चर्चची पायरी चढली. ते मोजणं सोडवत नाही आणि सोडावं असंही मला म्हणायचं नाही. पण आज त्या बाकावर बसून पहिल्यांदा वाटलं की ज्या माणसाने काहीही पदरात पडण्याची खात्री नसताना आडबाजूच्या गावात दार उघडलं, त्याच्याकडे मदत मागावी. मागितली. माझ्या वर्गातल्या त्या तीन मुलांची नावं घेऊन मागितली, जी गणपतीनंतर आलीच नाहीत.

दुपारी जेवण झाल्यावर सगळे किनाऱ्यावर गेलो. तरुण ब्रदर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. ते वृद्ध फादर झाडाखाली बसून होते. मी जाऊन विचारलं, "फादर, तुम्ही संस्थापकांचं नाव दोनदा का वाचता?" ते म्हणाले, "एकदा आमच्या वतीने, एकदा तुमच्या वतीने. तुमच्याकडे कुणी वाचत नाही ना."

परतताना बसमध्ये भावाशी ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला वसईला आमच्या पॅरिशमध्ये बेंतो मार्तिन्स यांच्या नावाने मिस्सा अर्पण करायची. तारीख आधीच जाते, म्हणून घरी पोचल्यावर सोमवारीच ऑफिसात नाव लिहून यायचं. आणि वर्गातल्या मुलांना आग्नेलांच्या आधी त्यांच्याबद्दल सांगायचं. भाऊ फोटो शोधून पाठवतो म्हणाला आहे.