वाडी पाहुण्यांसाठी उघडताना : आधी वाटा, मग खत

दहिसरच्या घरामागची वाडी, चार गुंठे. वर मुरमाचा भराव, खाली चिकट काळी माती. डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी पाहुण्यांना आत घ्यायचं आहे, म्हणून यंदा खताआधी वाटा आखल्या.

ओल्या मातीवर पाय पडला की कणांमधली हवेची जागा दाबली जाते. मग पाणी मुरत नाही, मुळं खाली उतरत नाहीत आणि वरून कितीही शेणखत घाला, ते वरच राहतं. म्हणून वाफे चार फुटांचे, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल असे, आणि वाटा तीन फुटांच्या. वाटेवर शहाळ्याच्या सालींचा सहा इंची थर. साली गाडीवाल्याकडे फुकट मिळतात, पण अख्ख्या टाकल्या तर वाटीत पाणी साचून डास होतात. चिरून पालथ्या घालायच्या.

निचरा ऑक्टोबरनंतर तपासावा. भर पावसात जमीन आधीच भरलेली असते. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून मोजा. तासाला इंचभर उतरलं तर भाजीला चालतं. कमी उतरलं तर त्या जागी वाफा उंच करावा लागेल.

मुरमाच्या भागात सगळ्यात जास्त फरक तागाने पडला. हे हिरवळीचं खत, म्हणजे पेरून कोवळं असतानाच मातीत गाडायचं पीक. पहिल्या पावसावर शंभर चौरस फुटांना ५०-६० ग्रॅम बी. पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यात ताग टिकत नाही, तिथे धैंचा, हेही हिरवळीचं खतच. साधारण ४५ दिवसांनी, फुलं येण्याआधी कापून वरच्या चार इंचांत मिसळायचा. उशीर झाला की देठ लाकडासारखे होतात, कुजताना मातीतलाच नत्र ओढतात आणि पुढची रोपं पिवळी पडतात. वेळेवर कापला तरी लागवडीआधी दोन-तीन आठवडे थांबाच.

वाफ्यातली माती झाकायला, म्हणजे आच्छादनाला, वर्षावृक्षाचा (रेन ट्रीचा) बारीक पाला उत्तम. आंब्याची पानं आधी चुरडून घ्या, नाहीतर थरावर थर चिकटून पाणी अडवतात. उसाचं चिपाड ताजं वापरू नये, मुंग्या लागतात. पावसात आच्छादनाखाली मोठ्या आफ्रिकन गोगलगायी लपतात. रात्री हातमोजे घालून वेचायच्या. मीठ अजिबात नको, माती खराब होते. मुलांना त्यांना हात लावू देऊ नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात.

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. त्याचं २० लिटरचं प्रमाण: शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ आणि बेसन प्रत्येकी २०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. आठवड्याच्या आत, दसपट पाण्यातून मुळाशी. पाहुणे तोडून चाखतील अशा पालेभाज्यांना मात्र हे द्यायचं नाही. तिथे पूर्ण कुजलेलं खतच.

रविवारी फाटक उघडण्याआधी वाफ्यातली मूठभर माती दाबून पाहायची. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर ठीक. नुसताच दबला तर त्या दिवशी वाडी बंद.