राणीच्या बागेत मगरींच्या काचेपाशी

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे 1862 पासून मुंबईकरांच्या ओळखीच्या असलेल्या राणीच्या बागेत, बहुतेक मंडळी पेंग्विन आणि वाघ पाहण्यासाठी येतात. मी मात्र हिवाळ्यातल्या एका सकाळी भाचीला घेऊन थेट मगरींकडे वळलो.

काठावर एक मगर जबडा वासून पडली होती. शेजारच्या गृहस्थांनी ती जांभई देत असल्याचे मुलाला सांगितले. परंतु मगरीला आपल्यासारखा घाम येत नसल्यामुळे ऊन खाताना डोके फार तापू नये म्हणून ती बराच वेळ तोंड उघडे ठेवते. तिच्या घशाशी फिकट रंगाचा एक पडदा दिसत होता. याच पडद्याने घसा बंद होत असल्यामुळे तिला पाण्याखाली तोंड उघडून भक्ष्य धरता येते आणि तरीही फुप्फुसात पाणी शिरत नाही. जीभ खालच्या जबड्याला चिकटलेली असल्याने ती बाहेर काढणे तिला शक्यच नसते.

खरी गंमत खालच्या काचेपाशी आहे. वरून ओंडक्यासारखा वाटणारा तोच प्राणी पाण्यातून पाहिला, की पाय अंगालगत दुमडून केवळ शेपटीच्या वळशांवर पुढे सरकणारा सफाईदार पोहणारा दिसतो. शेपटीवरील खवल्यांच्या दोन उभ्या रांगा टोकाकडे एकत्र येऊन त्यांची एकच रांग झालेली भाचीच्या आधी लक्षात आली, हे मान्य करायला हवे. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने शरीर बुडालेले असतानाही मगरीला बाहेरचे सारे कळते. अशाच मगरी आपल्या पवई तलावात आजही आहेत, हे ऐकून भाचीने "मामा, मग आपण तिथे बोटीतून का फिरलो?" असा रास्त प्रश्न केला.

सुसर पाहताना मात्र मन थोडे जड होते. लांब, निमुळता जबडा आणि त्यात शंभराहून अधिक बारीक दात, हे सगळे मासे पकडण्यासाठी. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येतो. गेल्या शतकात सुसरी इतक्या घटल्या, की 1975 मध्ये त्यांची अंडी उबवून पिल्ले नद्यांत सोडण्याचा सरकारी प्रकल्प हाती घ्यावा लागला. आज त्यांचा सर्वांत मोठा आधार चंबळ नदी आहे.

जाणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत, ऊन वर आल्यावर जावे, कारण तेव्हा मगरी काठावर येतात. बुधवारी उद्यान बंद असते. काचेवर टकटक करणाऱ्यांना दोन शब्द सुनावण्याची तयारीही ठेवावी.