‘रन’चे अर्थ पाठ किती करायचे?

संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर येणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. दर बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच: “मॅडम, ‘रन’ला म्हणे साडेसहाशे अर्थ आहेत. आम्ही पाठ किती करायचे?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एकही नाही.

आकडा मात्र थापेचा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे कोशकार पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते आणि अर्थ निघाले ६४५. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, १९८९च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद त्याची होती. पण प्रत्येक वापर सुटा करून मांडणं हे कोशकाराचं काम, बोलणाऱ्याचं नव्हे. तुम्ही ‘लागणे’चे अर्थ कधी पाठ केले होते? तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दूध तळाला लागतं, आंघोळीला गरम पाणी लागतं. कुणी नात्याने मावशी लागते. एसटी फलाटाला लागते आणि घाटात तीच एसटी कुणालातरी लागते! यात आपला गोंधळ होत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ सांगून टाकतो.

‘रन’चंही तसंच. नदी, नाक, धुण्यात सुटणारा कपड्याचा रंग, सगळं ‘रन’ होतं; वाहणं डोळ्यांपुढे आणलं की झालं. पुढे यंत्रं आली आणि या शब्दाला ऊत आला. इंजिन, कारखाना, अलीकडे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. इथे मला गंमत वाटते ती अशी की इंग्रजांचं यंत्र धावतं, आपलं चालतं. दुकानही चालतं, नाटकाचे प्रयोगही चालतात. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो आणि आपलाही उभाच राहतो. क्रिकेटमध्ये तर चेंडू सीमेपार गेला की कुणाला धावायची गरजच उरत नाही, तरी फलकावर चार रन लागतात. आपण त्याला ‘धावा’ म्हणतो, तेव्हा तो विनोदही आपण जसाच्या तसा उचललाय.

अर्थ कळायला त्रास होत नाहीच. अडतं बोलताना, आणि त्याचं कारण वेगळं आहे. मराठीत साखर संपते; संपण्याचं काम साखरच करते, आपण नुसते डबा बघत उभे. इंग्रजीत ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’, म्हणजे कर्तेपण आपल्याकडे. मराठीत बाजारात जुना मित्र भेटतो, इंग्रजीत ‘आय रॅन इंटू अॅन ओल्ड फ्रेंड’. मराठीत मला उशीर होतो, इंग्रजीत ‘आय अॅम रनिंग लेट’. जे आपल्या बाबतीत आपोआप घडतं, त्याचा कर्ता इंग्रजीत ‘आय’ किंवा ‘वी’ होऊन बसतो. ‘रन’चा अर्थ नीट ठाऊक असलेला माणूसही मग ‘शुगर इज फिनिश्ड’ म्हणून मोकळा होतो. समोरच्याला ते कळतं, म्हणून मी दर वेळी टोकत नाही.

माझ्या वर्गात ‘रन’ची यादी मिळत नाही. ‘आय’ने सुरू होणारी पाच-सहा वाक्यं मिळतात, आणि ती मोठ्याने म्हणायची असतात.