८५ टक्के जुळलं, तरी नापास

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत काही विषय दरवर्षी फिरून येतात. सलाईनसाठी हातात ठेवलेल्या सुईमुळे, म्हणजे कॅन्युलामुळे, शीर सुजते, म्हणजे फ्लेबायटिस होतो, त्यावर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) आणि ग्लिसरीनचा लेप किती गुणकारी, हा त्यातलाच एक. मेडिकल-सर्जिकल शाखेची एक विद्यार्थिनी तोच घेऊन मार्गदर्शनासाठी माझ्याकडे आली होती. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, नीट टाइप केलेला, टूल, म्हणजे मोजमापाचं साधन, तपासून दिल्याच्या तज्ज्ञांच्या सह्या जोडलेल्या, नमुना ६०: तीस प्रायोगिक गटात, तीस नियंत्रण गटात. एथिक्स कमिटीकडे कागद जाण्याआधी दोन निरीक्षकांचं मोजमाप जुळतं का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. बहुतेक ठिकाणी हे काम दहा रुग्णांवर उरकतात आणि प्रबंधात ‘विश्वासार्हता ०.९’ एवढं एक वाक्य पडतं. आम्ही सर्जरीच्या दोन वॉर्डांत मिळून चालू असलेले ४० कॅन्युला घेतले.

मोजायला व्हीआयपी, म्हणजे व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस, स्कोअर होता. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८मध्ये मांडलेली ही ० ते ५ अशी श्रेणी. ० म्हणजे जागा निरोगी. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यांतलं एकच असेल तर १. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन असतील तर २, आणि इथेच कॅन्युला काढायचा. ३मध्ये शिरेच्या मार्गाने दुखतं, लाल होतं, कडक लागतं. ४मध्ये शीर दोरीसारखी हाताला लागते आणि ५मध्ये वर तापही असतो. कागदावर सरळ दिसतं, पण वापरताना सगळा घोळ १ आणि २च्या मधल्या रेषेवर होतो. प्रबंधाचा निष्कर्षही नेमका त्याच रेषेवर उभा राहणार होता.

एक निरीक्षक विद्यार्थिनी स्वतः, दुसरी वॉर्डातली एक जुनी सिस्टर. दोघींनी एकमेकींचे आकडे पाहायचे नाहीत, विद्यार्थिनीनंतर दहा मिनिटांनी सिस्टरने तोच हात बघायचा, कागद थेट माझ्याकडे द्यायचा. सकाळचे डोस आणि डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर सुरुवात केली, कारण अँटिबायोटिक नुकतंच ढकललेलं असेल तर तेवढ्यापुरती जळजळ असतेच.

‘स्कोअर २ किंवा जास्त’ आणि ‘२पेक्षा कमी’ असे दोनच भाग करून तक्ता मांडला. दोघींनीही फ्लेबायटिस म्हटलेले ६ हात. दोघींनीही नाही म्हटलेले २८. विद्यार्थिनी हो, सिस्टर नाही असे ४, आणि उलटे २. म्हणजे ४०पैकी ३४ ठिकाणी एकमत, ८५ टक्के. विद्यार्थिनीचा चेहरा खुलला. पण बहुतेक हात निरोगीच असतात तेव्हा दोघींनी डोळे मिटून ‘नाही, नाही’ लिहिलं तरी बरंचसं जुळतं. ते योगायोगाचं जुळणं वजा करायला कोहेनचा ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा काढतात. विद्यार्थिनीचे ‘हो’ १०, सिस्टरचे ८. दोन्ही ‘हो’ योगायोगाने एकत्र पडण्याची शक्यता १०/४० गुणिले ८/४०, म्हणजे ०.०५. दोन्ही ‘नाही’ची ३०/४० गुणिले ३२/४०, म्हणजे ०.६०. बेरीज ०.६५. आता ०.८५मधून ०.६५ वजा करून ०.३५ने भागलं, की उत्तर ०.५७. गटांतला फरक ज्या मापाने मोजायचा, त्या मापाला हे पुरत नाही.

आकड्यापेक्षा न जुळलेले सहा हात कामाचे होते. दुपारी आम्ही तिघी त्या सहाही खाटांवर परत गेलो.

दोन हातांवर दोष चिकटपट्टीचा निघाला. पारदर्शक ड्रेसिंग नव्हतं, मायक्रोपोरच्या तीन पट्ट्या आडव्यातिडव्या लावल्या होत्या. विद्यार्थिनीने पट्टी सोलली, त्वचा लाल दिसली, तिने लाली मांडली. दहा मिनिटांनी सिस्टर आली तेव्हा ती लाली उतरली होती. तिसऱ्या हाताला फ्लेबायटिस नव्हताच. सूज होती, दुखतही होतं, म्हणून विद्यार्थिनीने २ दिले, पण हात गार आणि फिकट होता. सलाईन शिरेबाहेर मांसात उतरत होतं. या इन्फिल्ट्रेशनमध्येही कॅन्युला काढावाच लागतो, पण व्हीआयपीच्या श्रेणीत त्याची नोंद बसत नाही. चौथ्या खाटेवर तिने विचारलं होतं, “काका, दुखतंय ना?” काकांनी मान हलवली. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं, त्यांना सगळंच दुखत होतं.

उरलेल्या दोन हातांवर सिस्टर बरोबर होती. एका सावळ्या रुग्णाची लाली डोळ्यांना दिसतच नव्हती. तिने बोटांची मागची बाजू आधी त्या हातावर आणि मग दुसऱ्या हातावर त्याच जागी ठेवली, ऊब कळली, मग तिरप्या उजेडात पाहिलं. दुसऱ्या रुग्णाला ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू होतं. विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला, पण सुईच्या टोकापासून वर दोन बोटं दाबत गेल्यावर त्याने हात ओढून घेतला. तिला हे कुणी टूल म्हणून शिकवलेलं नाही. “इंट्राकॅथ बघायचा म्हणजे हात लावायचा,” एवढंच ती म्हणाली. कॅन्युलाला वॉर्डात इंट्राकॅथ म्हणतात.

त्यातून पाच नियम लिहून काढले आणि टूलला जोडले. पट्टी काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं. गार-फिकट सूज वेगळ्या रकान्यात. प्रश्न एकच आणि ठरलेला, “या सुईच्या जागी काही होतंय का?”, आणि त्यानंतर दाबून बघणं सक्तीचं. लाली दोन्ही हात शेजारी ठेवून, खिडकीच्या उजेडात. गडद त्वचेवर लालीऐवजी ऊब धरायची. हा शेवटचा नियम मूळ श्रेणीत नाही, तेव्हा प्रबंधात ‘व्हीआयपी स्कोअर, सुधारित’ असंच लिहावं लागेल आणि काय सुधारलं तेही सांगावं लागेल. हे लपवणारे प्रबंध मी पाहिले आहेत. परीक्षकाने मूळ टूल उघडलं की ते उघडे पडतात. पुढच्या आठवड्यात नव्या ४० हातांवर पुन्हा मोजलं: दोघींचे हो ७, दोघींचे नाही ३०, तीन हात न जुळलेले, एक विद्यार्थिनीचा ‘हो’ आणि दोन सिस्टरचे. एकमत ९२.५ टक्के, कप्पा ०.७८. एवढ्यावर काम सुरू करता येतं.

खरी अडचण मात्र त्या दुपारी खाटांशी उभं राहिल्यावर दिसली. सिनॉप्सिसमध्ये नियंत्रण गटासमोर ‘नेहमीची शुश्रूषा’ असं होतं. वॉर्डात त्याचा अर्थ काय? एका रुग्णाची सुजलेली सुई लगेच काढलेली होती. दुसऱ्याला दुसरी शीर सापडत नव्हती म्हणून तशीच ठेवली होती, शिरेला जाळणारं पोटॅशियम क्लोराइड तिच्यातूनच चाललं होतं. फ्लेबायटिसवरचा पहिला उपाय सुई काढणं हाच आहे. ती काढल्यावर सौम्य फ्लेबायटिस बहुधा आपोआप उतरतो, लेप लावा की न लावा. म्हणून लेपाआधी आणि लेपानंतर एवढंच मोजलं तर लेप नेहमीच गुणकारी ठरेल. लेपाच्या जागी हळद किंवा कोबीचं पान ठेवलं तरी पी व्हॅल्यू ०.०५च्या खालीच येईल, म्हणजे फरक कागदावर सिद्ध ठरेल. याच आराखड्यावर वर्षानुवर्षं प्रबंध पास होत आलेत, ही गोष्ट वेगळी.

मग आराखडा उलगडावा लागला. शून्य तास म्हणजे सुई काढल्याची वेळ, दोन्ही गटांत. दोन्ही गटांत हात उशीवर उंच. फरक फक्त लेपाचा. किती ग्रॅम पुडीला किती मिली ग्लिसरीन हे प्रोटोकॉलमध्ये नव्हतंच. सकाळची सिस्टर घट्ट कालवायची, रात्रीची पातळ. आता फार्मसीतून तोलून एकच बरणी येते. गट सम-विषम खाटेवरून पडणार होते, म्हणजे पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे सगळ्या वॉर्डाला आधीच माहीत. त्याऐवजी क्रमांक घातलेले, आरपार न दिसणारे बंद लिफाफे, आणि ४ व ६ रुग्णांचे मिसळलेले ब्लॉक (प्रत्येकात दोन्ही गट निम्मे-निम्मे), म्हणजे शेवटचा लिफाफा कुणाला ओळखता येत नाही. लेप वाळला की त्वचेवर पांढरी खपली राहते, ती दिसली की निरीक्षकाला गट कळलाच. म्हणून निरीक्षणाच्या अर्धा तास आधी तिसरीच व्यक्ती दोन्ही गटांचे हात नॉर्मल सलाईनने पुसणार.

तीस-तीसचा नमुना कुठून आला, या प्रश्नावर “मॅडम, सगळेच तीस घेतात” असं उत्तर आलं. ७२ तासांत लेपाशिवाय निम्मे बरे होतात आणि लेपाने ८० टक्के होतील असं धरलं, ५ टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ठेवली, तर नेहमीच्या सूत्राने ७.८४ गुणिले (०.२५ अधिक ०.१६), भागिले ०.०९, म्हणजे प्रत्येक गटात ३६. दहा टक्के गळती धरून ४०. म्हणजे फरक इतका ढळढळीत असला तरी तीस अपुरेच. प्रत्यक्षात एवढा फरक पडेल असं मला तरी वाटत नाही.

विद्यार्थिनी हिरमुसली होती. “असल्या बारक्या विषयावर कोण वाचणार?” तिला क्लेअर रिकार्ड यांचं काम वाचायला दिलं. त्या ऑस्ट्रेलियातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक. कॅन्युला दर तीन दिवसांनी बदलायचा ही जगभरच्या वॉर्डांतली रीत, पण तिच्यामागे पुरावा किती, हा त्यांचा प्रश्न. क्वीन्सलँडमधल्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्ण, एका गटात ठरल्या वेळी बदल, दुसऱ्यात गरज पडली तरच. फ्लेबायटिस दोन्हीकडे ७ टक्के. हा निबंध २०१२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. विषय हाच, हातातली सुई. फरक पडला तो आकाराने आणि शिस्तीने.

आपल्याकडे अध्यापनातल्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, ते वाचतात कमी. त्यामुळे पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांचं फावतं. युजीसीने २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि गाइडवर आली आहे. नर्सिंगच्या गाइडला एक साधी कसोटी पुरते: चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक न विचारता जे नियतकालिक निबंध घेतं, त्याकडे पाठवू नये. एप्रिल २०१८पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, मागाहून होत नाही. पीजी प्रबंध म्हणून सूट नाही.

एथिक्स कमिटीने नियंत्रण गटाबद्दल एकच शंका काढली: लेप न देणं अन्याय नाही का? लेपाचा पुरावाच जिथे नक्की नाही तिथे न देण्यात अन्याय नाही, आणि स्कोअर ४ला पोचलेला कुठलाही रुग्ण अभ्यासातून काढून उपचाराला जाईल, हे लिहून दिल्यावर संमती मिळाली. संमतीपत्र मराठीत, अंगठा असेल तिथे तटस्थ साक्षीदार, आणि तो वॉर्डाचा कर्मचारी नको. सुई काढल्यावर ४८ तासांपर्यंत नव्याने फ्लेबायटिस उमटू शकतो, म्हणून सुटी झालेल्या रुग्णाला फोन, हेही त्याच पत्रात.

राहिला सिस्टरचा प्रश्न. अशा कामात वॉर्डातल्या परिचारिकेचं नाव आभारात टाकून मोकळं होतात. वैद्यकीय नियतकालिकांचा लेखकत्वाचा नियम त्यापेक्षा स्पष्ट आहे: आराखड्यात किंवा माहिती गोळा करण्यात भरीव वाटा, मसुद्यात हात, अंतिम मजकुराला मान्यता आणि उत्तरदायित्व, हे चारही असतील तर ती लेखक. पाच नियम तिच्याच बोटांतून निघाले होते, तेव्हा मसुदा वाचायला तिला द्यायचा असं ठरवलं. ती म्हणाली, “नाव टाका मॅडम, पण आधी माझी ड्युटी बघा. दर बारा तासांनी हात बघायचा तर सकाळी आठ आणि रात्री आठ दोन्हीला मी कशी असेन?” ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मेट्रनकडे अर्ज गेला, रात्रीच्या निरीक्षणासाठी दुसरी एक सिस्टर मिळाली, आणि तिच्याबरोबर पुन्हा ४० हात मोजायला घेतले.