आवाजाला विश्रांती नको होती

तक्रार काकांची होती. आवाज पातळ झालाय, चार माणसांत बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, जरा बोललं की दम लागतो आणि फोनवर परका माणूस हमखास 'मॅडम' म्हणतो. काकू शेजारून म्हणाल्या, "आणि मला साहेब!" आवाज भरदार, खर्जातला. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली.

फाइलमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्या आणि खाली 'आवाजाला पूर्ण विश्रांती' असा शेरा. आवाज बिघडला की ॲसिडिटी, म्हणजे पोटातलं आम्ल घशापर्यंत येत असणार, हे आता इतकं ठरून गेलंय की आधी दुर्बीण घालून बघावं असं पुष्कळांना वाटतच नाही. मला याची चीड येते. काकांनी मात्र सल्ला इमानेइतबारे पाळला. कित्येक महिने ते घरात जवळजवळ मुके राहिले होते.

जीभ गॉजमध्ये धरून दुर्बीण आत घातली, 'ई' म्हणायला लावलं. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात. डोळ्याला नुसती धूसर कडा दिसते. स्ट्रोबचा दिवा त्या वेगापेक्षा किंचित वेगळ्या गतीने लुकलुकतो, म्हणून तीच थरथर संथ होऊन दिसते. कडेवरून सरकणारी ती लाट कितीही वेळा पाहिली तरी माझं मन भरत नाही. स्वरतंतू थराथरांचा असतो: वर पातळ आवरण, त्याखाली मऊ, सैल थर, मग लवचिक तंतूंचा, मग चिवट कोलॅजनचा आणि तळाशी स्नायू. जपानी घसातज्ज्ञ मिनोरू हिरानो यांनी १९७४ साली हे मांडलं: आवरण स्नायूवरून मोकळेपणी सरकतं, म्हणून स्वर उमटतो. तान्ह्या बाळात हे थर वेगळे झालेलेच नसतात. पक्के व्हायला वयात येईपर्यंतचा काळ जातो.

काकांना गाठ नव्हती, लकवा नव्हता. लाटही शाबूत होती. पण दोन्ही कडा आत वाकलेल्या, मागे कूर्चेची टोकं उघडी पडलेली, आणि तंतू मिटले तरी मधोमध चातीच्या आकाराची, म्हणजे मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती, फट. स्नायू झिजला की कडा भरत नाही. फटीतून हवा निसटते, म्हणून दम लागतो. तंतू हलके होतात, म्हणून पट्टी चढते.

काकूंच्या आग्रहावरून त्यांनाही तपासलं. पाळी गेल्यावर बऱ्याच स्त्रियांच्या तंतूंचा वरचा थर फुगीर, जड होतो आणि जड कडा सावकाश हलते. धूम्रपान नाही, थायरॉइड ठीक. त्यांना उपचारांची गरज नव्हती.

काकांना व्यायाम दिला: स्ट्रॉमधून फुंकत स्वर काढायचा, खालून वर सरकवायचा, रोज मोठ्याने वाचायचं. फट तरीही त्रास देत राहिली, तर तंतू भरण्यासाठी हायल्युरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देता येतं, हेही सांगितलं.

"म्हणजे मी बोलत राहायला हवं होतं?"

"हो, काका."

"मग यातलं वयानं किती गेलं आणि गप्प बसल्यानं किती?"

स्ट्रोबमध्ये झीज दिसते, ती कशाने झाली ते दिसत नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं आणि माझंही झालेलं नाही. विश्रांती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मी ती चित्रफीत पाठवली आहे. सोबत एवढंच लिहिलंय, की पुढच्या वेळी गप्प बसायला सांगण्याआधी एकदा आत बघा.